ओनामा कोणाचा? : वाक्प्रचारांच्या जन्मकथा आणि त्यांचे पुरावे



कोणत्याही संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात एक शब्द हटकून कानी पडतो. 'पन्नास वर्षांपूर्वी या कार्याचा ओनामा झाला,' असे अध्यक्ष सांगतात, कार्यवाह सांगतात, अहवालातही तेच छापलेले असते. शब्द इतका सरावाचा की तो उच्चारताना कोणी थबकत नाही. जैन समाजात मात्र या शब्दाविषयी विशेष आपुलकी आहे. ओनामा म्हणजे 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचे बालमुखातून झालेले रूप. सिद्ध हे पंचपरमेष्ठींतील दुसरे परमेष्ठी. तेव्हा एके काळी महाराष्ट्रातील प्रत्येक मूल, मग ते कोणत्याही घरचे असो, सिद्धांना वंदन करूनच धूळपाटीवर पहिले अक्षर गिरवीत असे आणि ही प्रथा जैन गुरूंनी घालून दिली, असे वडीलधारी मंडळी अभिमानाने सांगतात. स्मरणिकांतून आणि प्रवचनांतूनही हे विधान अनेकदा भेटते.

हे विधान कितपत टिकते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. प्रश्न थोडा अवघड जागेचा आहे. एकीकडे समाजाचा अभिमान आहे आणि दुसरीकडे त्याच समाजाने स्वीकारलेले सत्यव्रत आहे. दोघांची गाठ पडते तेव्हा बहुधा अभिमानाची सरशी होते. म्हणून ओनामाकडे वळण्यापूर्वी, ज्यांत या समाजाचा मानापमान गुंतलेला नाही अशा दोन-तीन वाक्प्रचारांच्या जन्मकथा तपासून पाहणे बरे. परक्याचा जमाखर्च तपासताना नजर स्वच्छ असते, हा व्यापारी मंडळींचा नित्याचा अनुभव आहे.

पहिला वाक्प्रचार 'संक्रांत कोसळणे'. सण तिळगुळाचा, गोड बोलण्याचा. मग त्याच्या नावाने अरिष्टाचा वाक्प्रचार का व्हावा? उत्तर तयार असते. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, तो दिवस संक्रांतीचा होता, मराठी मुलखातील घराघरावर त्या दिवशी आकाश कोसळले, आणि तेव्हापासून संक्रांत कोसळणे हा वाक्प्रचार रूढ झाला. कथा मनाला भिडणारी आहे. तारीखही जुळते, निदान जुळल्यासारखी वाटते.

परंतु संक्रांत नेहमीच १४ जानेवारीला येत नव्हती. पंचांगाचे निरयन सौरवर्ष आणि इंग्रजी कालगणनेचे वर्ष यांत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे. त्यामुळे संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एक दिवस या गतीने पुढे सरकत असते. पूर्वी जी नियमाने १४ तारखेस येई, ती आता काही वर्षी १५ जानेवारीस येते, हे सर्वांनी पाहिलेले आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, हे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १८६३ साली संक्रांत १२ तारखेस असेल, तर त्यापूर्वी शंभर वर्षे ती १४ तारखेस कशी असणार? हिशेब मांडला तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते. युद्ध झाले ती तिथी पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. तोवर संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटलेले होते.

मग वाक्प्रचार आला कोठून? त्यासाठी रणांगणावर जाण्याची आवश्यकता नाही. जुन्या पंचांगातील संक्रांतीचे पान उघडले तरी पुरे. तेथे संक्रांत ही देवता आहे. ती अमुक वाहनावर बसून येते, अमुक वस्त्र नेसते, अमुक धान्य भक्षण करते, अमुक दिशेकडून येऊन अमुक दिशेकडे पाहते. ज्या वस्तूंचा ती स्वीकार करते त्या महाग होतात किंवा त्यांचा नाश होतो, आणि ती जिकडे पाहते तिकडे पीडा होते, अशी लोकसमजूत आहे. दुसऱ्या दिवशीची किंक्रांत हा तर करिदिनच, शुभकार्याला वर्ज्य. ज्या देवतेच्या दृष्टीची एवढी धास्ती, तिच्या नावाने अरिष्ट सांगितले गेले तर नवल नाही. हा खुलासा साधा आहे, त्यात वीरश्री नाही, म्हणूनच तो मागे पडला असावा. पानिपताने मराठीला दिलेले शब्द वेगळे आहेत. 'पानिपत होणे' हा वाक्प्रचार निर्विवाद त्या युद्धाचा आहे, आणि 'विश्वास पानिपतात गेला' या उक्तीतील विश्वासरावांवरचा श्लेष तर उघडच आहे. भाऊ-विश्वासांच्या मराठी दुःखाला संक्रांतीचा खोटा दाखला जोडण्याचे काही कारण नव्हते.

संक्रांतीच्या कथेत तारीख चुकली तरी कोणा माणसाचे नुकसान झाले नाही. 'ध चा मा करणे' याची गोष्ट तशी नाही.

कथा सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. राघोबादादांनी गारद्यांना दिलेल्या आज्ञापत्रात 'नारायणरावांस धरावे' असे होते; त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी 'ध' खोडून 'मा' केला आणि 'धरावे'चे 'मारावे' झाले. एका अक्षराने एक जीव गेला, असे सांगून शिक्षक आजही मुलांना शुद्धलेखनाचे महत्त्व पटवून देतात.

यातील खून खरा आहे. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरले, हेही इतिहासाला मान्य आहे. अक्षर बदलल्याची हकीकत जेम्स ग्रँट डफ याच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात आली आहे. तोवर घटनेला त्रेपन्न वर्षे होऊन गेली होती, आणि आनंदीबाईंचा हात असल्याचे तो सांगतो ते सर्वत्र तसे मानले जाते म्हणून. ज्या मोडी कागदावर हे अक्षर बदलले गेले तो कागद अभ्यासकांपुढे ठेवता आलेला नाही. पुढे कृ. प्र. खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकाने १९०९ पासून हे सर्व प्रसंग रंगभूमीवर उभे केले आणि पाहणाऱ्यांच्या मनात आनंदीबाईंचा निकाल कायमचा लागला.

येथे एक व्यवहारी प्रश्न उभा राहतो. ज्यांनी आज्ञा दिली ते राघोबादादा. त्या आज्ञेतील एक अक्षर दुसऱ्याने बदलले असे ठरले, तर आज्ञा देणाऱ्याचा दोष 'धरण्या'पुरता उरतो आणि मारण्याचा दोष दुसऱ्याच्या माथी जातो. या कथेने कोणाचे ओझे हलके होते, हे पाहिले म्हणजे ती इतकी लोकप्रिय का झाली याचा थोडा उलगडा होतो. आनंदीबाई निर्दोष होत्या असे यावरून सिद्ध होत नाही. सिद्ध होत नाही एवढेच म्हणता येते, आणि ते दोन्ही बाजूंनी.

जैन आचारग्रंथ वाचणाऱ्याला या ठिकाणी दोन संज्ञा आठवल्यावाचून राहणार नाहीत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत 'कूटलेखक्रिया' हा एक आहे. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे, लिहिलेल्यात फेरफार करणे. आनंदीबाईंवर आरोप आहे तो नेमका याचा. दुसरी संज्ञा 'अभ्याख्यान', अठरा पापस्थानकांतील तेरावे. नसलेला दोष दुसऱ्यावर लादणे म्हणजे अभ्याख्यान. प्रतिक्रमणात या पापस्थानकाचे मिच्छामि दुक्कडं करणारा श्रावक, एका गेलेल्या स्त्रीवर दोनशे पन्नास वर्षे चाललेला आरोप पुराव्यावाचून मुलांना सांगत असेल, तर त्याने निदान 'असे म्हणतात' हे दोन शब्द तरी जोडावेत.

सर्वच वाक्प्रचारांच्या मागे असे वाद नाहीत. 'छत्तीसचा आकडा' का म्हणतात, हे ३६ लिहून पाहिले की कळते. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून उभे असतात. तेच आकडे फिरवून ६३ केले की समोरासमोर येतात, आणि त्रेसष्ट शलाकापुरुषांची संख्या तोंडपाठ असलेल्या श्रोत्यांना त्यात थोडी गंमत वाटेल; अर्थ मात्र तेथे शोधू नये. 'अठरा विश्वे दारिद्र्य' याचे दोन अर्थ सांगतात. विश्वे म्हणजे विसे, अठरा विसे तीनशे साठ, म्हणजे वर्षाचे सर्व दिवस दारिद्र्य, हा एक. विश्वा म्हणजे विसावा हिस्सा, जसा बिघ्याचा बिस्वा, तेव्हा वीस हिश्शांपैकी अठरा हिस्से दारिद्र्य, हा दुसरा. पहिल्यात गणिताचा चमत्कार आहे म्हणून तो अधिक सांगितला जातो. दुसऱ्यात जमीन मोजणाऱ्याचा आणि पंचांग पाहणाऱ्याचा व्यवहार आहे. झुकते माप द्यायचे तर त्याला द्यावे. 'बाराखडी'तील खडीचा पाटीवर लिहिण्याच्या खडूशी संबंध जोडतात, तो मात्र सोडून द्यावा. द्वादशाक्षरी, बारा-अक्षरी, बाराखरी, बाराखडी असा तिचा सरळ प्रवास आहे.

आता वळायचे ते समाजाला बोचणाऱ्या शब्दांकडे. 'नंगा-लुच्चा' ही शिवी जैन मुनींवरून आली, असे मोठ्या व्यथेने सांगितले जाते. नग्न म्हणून नंगा आणि केशलोच करणारा लुंचित म्हणून लुच्चा. मुनींची नग्नता आणि केशलोच यांची चेष्टा पूर्वी होत असे, यात संशय नाही. अकराव्या शतकातील 'प्रबोधचंद्रोदय' या संस्कृत नाटकात रंगवलेला क्षपणक त्याची साक्ष देईल. परंतु चेष्टा होत होती एवढ्यावरून शब्दाची व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. लुंचनापासून भाषेत जो शब्द रीतसर उतरला, तो 'लोच' आजही जैनांच्या नित्य व्यवहारात आहे; त्यात अनुस्वार गेला आणि 'च' एकटा राहिला. 'लुच्चा'तील जोड 'च्च' कोठून आला, मुनीचा वाचक शब्द ठकाचा वाचक कधी झाला, मधल्या काळात तो मुनींना उद्देशून कोणी कोठे वापरला, हे दाखवावे लागेल. केवळ कानाला जुळते म्हणून ही जखम वाहत राहण्यात लाभ नाही. आणि मुलांना ती वारसा म्हणून देण्यात तर नाहीच.

याउलट 'पाखंडी' या शब्दाची सगळी वाट दिसते. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ. बाराव्या शिलालेखात तो सर्व पासंडांचा सन्मान करण्यास सांगतो, आणि आपल्या पंथाची अवाजवी स्तुती व दुसऱ्याच्या पंथाची निंदा टाळावी म्हणून वाणीच्या संयमाचा उपदेश करतो. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द वचनगुप्तीचाच भाऊ आहे. दिल्लीस असलेल्या टोपऱ्याच्या स्तंभावरील सातव्या लेखात ज्या पंथांची देखरेख अधिकाऱ्यांकडे सोपविली त्यांत निर्ग्रंथांचेही नाव आहे. तेव्हा पासंड या शब्दात निंदा नव्हती. पुढे स्मृतिग्रंथांनी वेदबाह्य पंथांना पाषंड म्हटले, आणि त्या संस्कृत शब्दातून मराठीत पाखंड व पाखंडी आले. येथे प्रत्येक टप्प्याला शिलालेखाचा किंवा ग्रंथाचा आधार आहे. आदराचा शब्द शिवी कसा झाला याचा हा खरा इतिहास आहे, आणि तो एकट्या जैनांचा नाही. बौद्ध, आजीवक हेही त्यात होते.

हीच कसोटी आता ओनामाला लावायची. अभिमानाच्या शब्दाला सवलत देता येणार नाही.

मराठी शाळेत पंतोजी मुलाच्या हाताला धरून प्रथम 'श्रीगणेशाय नमः' आणि त्यापाठोपाठ 'ॐ नमः सिद्धम्' गिरवून घेत. पहिल्यावरून 'श्रीगणेशा करणे' आणि दुसऱ्यावरून 'ओनामा करणे' हे दोन्ही वाक्प्रचार आले. इथवर वाद नाही. 'ओ की ठो कळत नाही' यातील 'ओ' हा ओनामातलाच असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. 'ठो' मात्र तर्काला दाद देत नाही. वाद आहे तो 'सिद्धम्' या पदाचा.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले असेल त्यांना स्मरत असेल की 'नमः' या अव्ययाच्या योगात चतुर्थी लागते. गणेशाय नमः, रामाय नमः. सिद्धांना नमस्कार करायचा तर 'नमः सिद्धेभ्यः' व्हावयास हवे, आणि स्वाध्यायाच्या प्रारंभी जैन परंपरा 'ॐ नमः सिद्धेभ्यः' असेच म्हणते. 'नमः सिद्धम्' हे व्याकरणात बसत नाही. तेव्हा ही मुळात दोन वेगळी पदे असावीत. 'ॐ नमः' हे एक मंगल, आणि 'सिद्धम्' हे दुसरे. म्हणजे 'सिद्धी असो', 'कार्य तडीस जावो'.

यावर जैन पक्षाचे उत्तर आहे आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. मूळ वचन संस्कृत नव्हतेच, ते णमोकार मंत्रातील 'णमो सिद्धाणं' हे प्राकृत पद होते. ते मुलांच्या तोंडी 'सिधां', 'सीधं' असे झाले आणि मागाहून पंतोजींनी त्याला संस्कृताचा पेहराव चढवून 'सिद्धम्' केले. उच्चाराच्या दृष्टीने हे अशक्य म्हणता येणार नाही. शिवाय सिद्धांना वंदन करून लेखनाचा आरंभ करण्याची रीत फार प्राचीन आहे. ओरिसातील उदयगिरीच्या हाथीगुंफेत कलिंगसम्राट खारवेलाचा जो लेख आहे त्याचा प्रारंभ अरिहंतांना आणि सर्व सिद्धांना नमस्कार करून झाला आहे.

तथापि नाशिकची लेणीही पाहिली पाहिजेत. तेथे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील लेखांच्या आरंभी 'सिधं' हा एकटा शब्द येतो. नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात तो आहे, सातवाहन राजांच्या लेखांतही आहे. दान बौद्ध भिक्षूंना दिलेले, देणारा उषवदात ब्राह्मणांनाही गाई आणि गावे देणारा. तेथे सिद्ध परमेष्ठींचा संबंध नाही. 'सिधं' ही केवळ यशाची प्रार्थना आहे. हाच शब्द पुढे शेकडो ताम्रपटांच्या माथ्यावर दिसतो. इसवी सन ६७१ मध्ये स्वदेशाहून निघून भारतात अनेक वर्षे राहिलेला चिनी भिक्षू इत्सिंग लिहितो की, येथील मुले सहाव्या वर्षी एक पहिले पुस्तक हाती घेतात, त्यात एकोणपन्नास वर्ण असतात, ते सहा महिन्यांत पुरे होते आणि त्याचे नाव 'सिद्धिरस्तु'. तेलुगु मुलुखात मुळाक्षरांना 'ओनमालु' म्हणतात. मात्र तेथील मुलांना जे गिरवून घेतात त्यात 'ॐ नमः' पुढे शिवाचे नाव येते आणि त्यानंतर 'सिद्धं नमः'. म्हणजे एकाच ओनामावर शैवांचाही हक्क, बौद्धांचाही, जैनांचाही, आणि ज्याला कोणताही पंथ नाही अशा कारकुनाचाही.

आणखी एक धागा थेट पैठणला जातो. कातंत्र नावाचे एक सुबोध संस्कृत व्याकरण आहे. त्याच्या पहिल्याच सूत्रात 'सिद्ध' हे पद पहिले येते. वर्णांचा क्रम लोकात सिद्धच आहे, तो शिकवीत बसण्याची गरज नाही, असा त्याचा आशय. त्याची जन्मकथा सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त आहे. प्रतिष्ठानचा सातवाहन राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी 'मोदकैः' म्हणाली. 'मा उदकैः', म्हणजे पाणी मारू नका, असे तिला म्हणायचे होते. राजाला संधी उमगला नाही. त्याने मोदकांची ताटे मागविली. राणी हसली आणि राजा खजील होऊन शय्येला खिळला. संस्कृत शिकवायला गुणाढ्याने सहा वर्षे मागितली, शर्ववर्म्याने सहा महिन्यांत शिकवीन अशी प्रतिज्ञा केली, आणि कार्तिकेयाच्या कृपेने त्याला हे व्याकरण लाभले. कथेतील कार्तिकेय पाहून शर्ववर्मा शैव ठरवावा, तर दुर्गसिंहाची प्रसिद्ध वृत्ती 'सर्वज्ञा'ला वंदन करून सुरू होते, आणि सर्वज्ञ म्हणजे जैनांच्या मते जिन, बौद्धांच्या मते बुद्ध. कातंत्राची पाने मध्य आशियातील बौद्ध स्थळी सापडली, काश्मीर आणि बंगालचे ब्राह्मण ते शिकले, आणि दिगंबर आचार्य भावसेन त्रैविद्य यांनी त्यावर 'कातंत्ररूपमाला' रचली, जी आजही मुनिसंघांत अभ्यासली जाते. या ग्रंथाला एका पंथाच्या खाती लिहून टाकण्याचे प्रयत्न झाले आहेत. ते सर्व एकमेकांना खोडून काढतात.

तेव्हा 'ओनामा ही जैनांची देणगी आहे' हे वाक्य जसेच्या तसे छापता येणार नाही. 'सिद्धम्' हे सर्वांचे सामाईक धन होते, आणि जैनांनी त्यात सिद्ध परमेष्ठींचा अर्थ पाहिला, इतकेच पुराव्यावर टिकते. हे ऐकून कोणी हिरमुसले होईल. परंतु मोठा दावा सोडला की लहान पण पक्के दावे दिसू लागतात.

राजस्थानात गावच्या जुन्या शाळेला 'पोसाळ' म्हणत. हा शब्द पौषधशालेचा आहे. श्रावक जेथे पौषधव्रत करीत, यती जेथे उतरत, तेथेच गावची मुले, ओसवालांची तशीच इतरांची, अक्षरे आणि अंक शिकत. त्या पाठांत कातंत्राची पहिली सूत्रे मुले घोकत. अर्थ ना गुरूला ठाऊक, ना शिष्याला. पिढ्यान् पिढ्या घोकून सूत्रांची रूपे अशी बदलली की चौदा स्वर सांगणारे सूत्र हे एखाद्या खेळातील बडबड वाटावे. उत्तरेत तर ओनामासीधम् हा निरक्षरतेच्या विनोदाचा विषय झाला. ना बाप शिकला ना आम्ही, अशा अर्थाचे यमक मुले त्याला जोडीत. तरीही व्याकरणाची सूत्रे वाण्याच्या मुलाच्या तोंडी शेकडो वर्षे जिवंत राहिली. पोसाळ हा शब्द कोणी भाषणात मिरवीत नाही. ओनामापेक्षा त्याची साक्ष अधिक भक्कम आहे, कारण सर्वांची मुले जैनांच्या जागेत शिकत होती हे तो शब्द स्वतःच्या अंगावर बाळगून आहे.

दुसरी साक्ष ज्ञानभांडारांत आहे. श्रुतपंचमीला किंवा ज्ञानपंचमीला पोथ्या बाहेर काढून त्यांची पूजा होते, तेव्हा पहिल्या पानावर मजकुराच्या आधी एक चिन्ह दिसते. दोन दंड, मग सहाच्या किंवा आठच्या आकड्यासारखे एक वळण, पुढे शून्य, पुन्हा दोन दंड. अनेकजण ते साठ किंवा ऐंशी असे वाचतात आणि पृष्ठांक समजून पुढे जातात. गुजरातेतील लेखक त्याला 'भले' किंवा 'भले मींडुं' म्हणत. प्राचीन लिपींचे अभ्यासक ते 'सिद्धम्' असे वाचतात; ताम्रपटांच्या माथ्यावरील सिद्धम् चिन्हच लेखणीच्या वळणाने झिजत झिजत या रूपाला आले आहे. ज्या लहियांनी ते काढले त्यांच्यापैकी कितीतरी जणांना त्याचा उच्चारही ठाऊक नसावा. त्यांनी ते गाळले मात्र नाही. येत्या श्रुतपंचमीला पोथीवरील रुमाल सोडल्यावर पाठशाळेच्या मुलांना ती खूण प्रथम दाखवावी. पृष्ठांक पानाच्या समासात असतो, तो मागाहून पाहता येईल.